कांचनभट लोभी आहे, हे झालं, पुढे काय?

'कांचनभटाचे स्वभावचित्र रेखाटा.' 'शारदा' नाटकातल्या नायिकेच्या बापावरचा पाच मार्कांचा प्रश्न. पेपर तपासायला बसले की पहिलं वाक्य मला वाचावंच लागत नाही, ते पाठ झालंय: 'कांचनभट हा अत्यंत लोभी, स्वार्थी व निर्दयी बाप आहे.' त्याखाली तेच वाक्य शब्द फिरवून आणखी तीन-चारदा. गाईडमध्ये तसंच छापलेलं असतं, त्यामुळे मुलांचा दोष मी धरत नाही. आणि वाक्य चूकही नाही. पण त्यातून कांचनभटाचं नाव खोडून दुसऱ्या कुठल्याही नाटकातल्या वाईट बापाचं नाव घातलं, तरी ते तस्संच चालतं. म्हणजे मुळात ते कांचनभटाबद्दल नव्हतंच.

मी बेळगावात पीयूसीच्या, म्हणजे अकरावी-बारावीच्या मुलांना मराठी शिकवते. येळ्ळूर, कडोली, उचगाव, सांबरा, खानापूरकडून सकाळच्या बसनं येणारी मुलं. यांतल्या बऱ्याच जणांच्या मनात एक गोष्ट घट्ट बसलेली असते, की साहित्याचं विश्लेषण वगैरे पुण्या-मुंबईच्या मुलांचं काम. आपली भाषा मिसळीची, आपल्याला ते जमायचं नाही. मला हे ऐकून फार वाईट वाटतं, कारण खरी गोष्ट नेमकी उलटी आहे. माणूस वाचायचा सराव या मुलांना लहानपणापासून आहे. पुस्तक उघडलं की तो सराव बाजूला ठेवायचा, असं मात्र त्यांना कुणीतरी शिकवलंय.

वर्गात मी सुरुवात पुस्तकानं करत नाही, गणपत गल्लीतल्या एका प्रसंगानं करते. मी स्वतः पाहिलेला आहे. एक बाई मुलीला घेऊन भाजी घ्यायला आली. भाजीवालीशी बोलताना आपसूक कन्नडवर गेली: "स्वल्प कम्मी माडरी." भाजीवालीनं कन्नडमध्येच नाही म्हटलं. पुन्हा विनवणी, पुन्हा नकार. मग ही बाई मुलीकडं वळून मराठीत हळूच म्हणाली, "चल, हिची भाजी शिळीच दिसतीया." त्यावर भाजीवाली पेंढी पुढं सरकवत शांतपणे म्हणाली, "अक्का, सकाळी काढल्याली हाय. वास घेऊन बगा की."

एवढंच. पण मुलांना विचारलं, की भाजीवाली कशी बाई आहे, तर धडाधड उत्तरं येतात. तिला मराठी पहिल्यापासून येत होतं, तरी ती गप्प राहिली. गिऱ्हाईक ज्या भाषेत आलं त्या भाषेत तिनं व्यवहार केला. भाव कमी कर म्हटल्याचं तिला लागलं नाही, मालाला नाव ठेवलं ते लागलं. आणि तेव्हाही ती भांडली नाही, पेंढी पुढं केली. एक मुलगा म्हणाला, "मॅडम, तिला पैशापेक्षा मालाची इज्जत जास्ती हाय." बघा, ही झाली व्यक्तिरेखा. 'स्वाभिमानी' हा शब्द कुणी वापरला नाही, आणि गरजही पडली नाही. गिऱ्हाईक बाईबद्दलही एक मुलगी बोलली: तिनं भाषा बदलली ती आडोसा म्हणून. भाषेचा आडोसा घेऊन आपण काय काय बोलतो, हे आमच्या भागातल्या पोराला सांगावं लागत नाही.

हेच कान नाटकाला लावायचे.

'शारदा' हे गोविंद बल्लाळ देवलांचं नाटक 1899 साली रंगभूमीवर आलं. देवल बेळगावात शिकले, अण्णासाहेब किर्लोस्करांचे ते विद्यार्थी. आणि किर्लोस्करांचा जन्म तर याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. मराठी संगीत नाटकाची ही दोन मोठी नावं आपल्या मातीशी इतकी जोडलेली आहेत, हे वर्गात सांगितलं की मुलं जरा ताठ बसतात. गोष्ट थोडक्यात अशी: भुजंगनाथ हा श्रीमंत म्हातारा. त्याला लग्न करायचंय. भद्रेश्वर दीक्षित हा मध्यस्थ त्याच्यासाठी कोवळी मुलगी शोधतो, ती शारदा. तिचा बाप कांचनभट पैशासाठी हे लग्न ठरवतो. आई इंदिराकाकूला ते पटलेलं नाही. कोदंड नावाचा तरुण हे लग्न मोडण्यासाठी झटतो.

आता कांचनभटाला 'लोभी' म्हणून सोडून देऊ नका. त्याच्यामागं तीन प्रश्न घेऊन लागा: या माणसाला काय हवंय? त्याच्या आड काय येतंय? आणि ते मिळवण्यासाठी तो काय करायला तयार आहे? पैसा हवाय, हे खरं. आड कोण येतंय? घरातली बायको, स्वतःची मुलगी. आणि तो काय करतो? मुलीचं लग्न हा बापाचा अधिकार, ही जी समाजानं त्याच्या हातात दिलेली गोष्ट आहे, तीच तो विकायला काढतो. इथं पोचलात की कांचनभट हा नुसता वाईट स्वभावाचा माणूस उरत नाही. रूढीनं दिलेला अधिकार एखाद्या लोभी माणसाच्या हातात पडला की त्याचं काय होतं, हे त्याच्यातून दिसायला लागतं. गाईडमधल्या वाक्यात हे कुठंच नव्हतं.

तेच प्रश्न इतरांना विचारा. भुजंगनाथाला बायको हवी आहे, की आपण अजून म्हातारे झालो नाही याचा पुरावा हवा आहे? भद्रेश्वराला तर या लग्नातलं कुणीच नकोय, त्याला फक्त व्यवहार पुरा व्हायला हवाय. म्हणून तो मला कांचनभटाहून जास्त भीतीदायक वाटतो. आणि इंदिराकाकू. मुलं तिच्याबद्दल 'प्रेमळ आई' एवढं लिहून पुढं जातात. मी त्यांना थांबवते. तिला हे लग्न नकोय, ती बोलतेही, मग लग्न थांबत का नाही? कारण त्या घरात तिच्या 'नाही'ला वजन नाही. एकदा हे दिसलं की नाटकभर एक खेळ करता येतो: कुणाचा 'नाही' मोजला जातो आणि कुणाचा नाही, हे शोधत जायचं. पात्रं अशी एकमेकांशेजारी ठेवून बघितली की जास्त बोलतात. एकटं पात्र घेऊन विशेषणं शोधत बसलं की हाती गाईडच लागतं.

याच खेळातून आपण आशयसूत्राकडं जातो. मुलांचा सगळ्यात मोठा घोळ इथं होतो, म्हणून जरा थांबून सांगते. 'शारदा' नाटकाचा विषय काय? जरठ-कुमारी विवाह. दोन शब्दांत आटपलं. तात्पर्य काय? 'म्हाताऱ्यानं लहान मुलीशी लग्न करू नये.' तेही आटपलं. पण तेवढंच सांगायचं असतं तर देवलांनी एक पत्रक काढलं असतं; इतकी पदं, इतके प्रवेश लिहायचे कष्ट कशाला घेतले असते? आशयसूत्र म्हणजे तो विषय धरून नाटक आतून काय म्हणत राहतं ते. विषय एका शब्दात सांगता येतो, आशयसूत्र सांगायला पूर्ण वाक्य लागतं, क्रियापदासकट. आणि ते वाक्य नाटकातल्या घटनांनी सिद्ध व्हावं लागतं.

मग 'शारदा'चं वाक्य कसं शोधायचं? नाटकाच्या सांध्यावर बोट ठेवायचं, म्हणजे जिथं गोष्ट वळते तिथं. हे लग्न शेवटी कशानं मोडतं? मुलगी लहान आहे म्हणून? तिला नको आहे म्हणून? नाही. वर आणि वधू एकाच गोत्राचे आहेत हे उघड होतं, म्हणून. हे पहिल्यांदा नीट लक्षात आलं तेव्हा मी स्वतः पुस्तक मिटून बसले होते. तिचं वय, तिची भीती, आईची विनवणी, यातल्या कशानंही जे थांबलं नाही ते गोत्रानं थांबलं. रूढीला थांबवायला दुसरी रूढीच लागली. आणि लग्न मोडल्यावर शारदा सुटली म्हणावं, तर तसंही नाही. अर्धवट झालेल्या लग्नाचा डाग तिच्यावर आला, आणि ती जीव द्यायला नदीवर गेली. कोदंड तिला वाचवतो आणि पुढं त्यांचं लग्न होतं, हा शेवट गोड आहे. पण मधली ही नदी विसरून चालणार नाही.

आता वाक्य करून बघा: 'ज्या समाजात मुलीच्या नकाराला किंमत नाही, तिथं तिचं रक्षणही नियमाच्या आधारानंच होतं, तिच्या इच्छेच्या आधारानं नाही.' हे माझं वाक्य. तुमचं वेगळं असू शकतं, असावंच. एक मुलगा म्हणाला होता की नाटक पैशाबद्दल आहे, माणसाची किंमत पैशात कशी होते याबद्दल. त्यानं भद्रेश्वराचा पुरावा दिला, आणि तो चोख होता. दोन्ही वाक्यं बरोबर असू शकतात. चूक फक्त ते वाक्य, ज्याला नाटकातला पुरावा मिळत नाही. मुलींच्या लग्नाचं किमान वय 14 ठरवणारा कायदा यायला 1929 साल उजाडावं लागलं, म्हणजे नाटकानंतर 30 वर्षं. म्हणून 1899 च्या प्रेक्षकाला हा गोत्राचा वळसा कसा वाटला असेल, हेही स्वतःला विचारा. आजच्या नजरेनं देवलांना दोष देऊन मोकळं होणं सोपं आहे. त्या काळच्या थिएटरात बसलेल्या बापाला ऐकू जाईल अशी भाषा त्यांना वापरायची होती, हे मला महत्त्वाचं वाटतं.

आशयसूत्र नीट पकडता येतंय का हे तपासायची एक चांगली जागा आपल्या शेजारीच आहे. बैलहोंगल भागातलं 'संग्या बाळ्या' हे कन्नड लोकनाट्य. त्यात प्रेम आहे, जिवलग मैत्री आहे, विश्वासघात आहे, खून आहे. 'परस्त्रीचा नाद वाईट' असं त्याचं तात्पर्य काढून मोकळं होता येतं. पण मग ज्याचा घात होतो त्या संग्यासाठी डोळ्यांत पाणी का येतं? तात्पर्य आणि डोळ्यांतलं पाणी जिथं जुळत नाही, तिथं आशयसूत्र दडलेलं असतं. ज्यांना कन्नड कळतं त्यांनी मराठीच्या पेपरासाठीसुद्धा हे नाटक बघावं.

नाटक बघण्यावरून आठवलं. आमची मुलं छापील नाटक वाचताना कंसातला मजकूर गाळतात. संवाद वाचायचे, कंस सोडायचा. तो कंस म्हणजे रंगसूचना, आणि तिथं नाटककार न बोलता बोलत असतो. यासाठी मी विजय तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे' घेते, 1967 सालचं. एक हौशी मंडळी खेडेगावात अभिरूप न्यायालयाचा कार्यक्रम करायला आलेली. वेळ काढायला म्हणून ते खोटा खटला खेळतात आणि आरोपी करतात त्यांच्यातल्याच शिक्षिकेला, लीला बेणारेला. हळूहळू खेळ खेळ राहत नाही.

त्या नाटकातली दाराची कडी बघा. सुरुवातीलाच बेणारेचं बोट त्या कडीत सापडून दुखावतं. गावचा सामंत सांगतो की ही कडी अशीच आहे, जरा इकडंतिकडं झाली की बाहेरून लागून जाते आणि माणूस आत अडकतो. पहिल्यांदा वाचताना हे साधं गावगप्पांचं बोलणं वाटतं. पण पुढं खटला अंगावर यायला लागतो, बेणारे निघून जायला दाराशी जाते, आणि दार उघडत नाही. कुणीही मुद्दाम कोंडलेलं नाही. कडी आपोआप पडली. आता विचार करा: तिला आत अडकवणारी माणसंसुद्धा स्वतःला दुष्ट समजत नाहीत, ती तर नुसता खेळ खेळतायत. कुणी मुद्दाम लावत नाही आणि तरीही बाईपुढं बंद होतं, असं ते दार आहे. नाटकाचं आशयसूत्र एका लोखंडी कडीत बसलेलं आहे, आणि ती कडी दिसते कंसात.

तसाच सामंताचा हिरवा कापडी पोपट. त्यानं तो पुतण्यासाठी घेतलेला आहे. नाटकाच्या शेवटी बेणारे कोसळून पडलेली असते, बाकीचे पुढच्या कार्यक्रमाच्या तयारीला लागलेले असतात, आणि सामंत तो पोपट तिच्याजवळ ठेवतो. एक शब्द नाही. सामंताचं स्वभावचित्र विचारलं तर मुलं 'भोळा, साधा' लिहितात. भोळा खराच. पण खटल्याच्या खेळात साक्षीदार होऊन त्यानंही भर घातलेली आहे. तोच माणूस शेवटी पोपट ठेवतो. या दोन गोष्टी एकाच माणसात कशा राहतात, याचं उत्तर शोधायला लागलात की मग सामंत खरा दिसतो. मला तर तो आपल्या गावातला कुणीही वाटतो.

आपल्याकडं जत्रेत गावातली पोरं नाटक बसवतात, तालमी चालू झाल्या की देवळासमोर रात्रभर दिवे असतात. शक्य असेल त्यांनी एकदा तरी तालमीला जाऊन बसावं. काम करणारा माणूस दिग्दर्शकाला विचारतो, "हे वाक्य मी बसून बोलू की उभा राहून?" हा प्रश्न म्हणजे विश्लेषणच आहे. बसून बोललं तर विनवणी, उभं राहून बोललं तर आव्हान, शब्द तेच. वाचतानाही हा प्रश्न मनात विचारता येतो. आणि जो गप्प आहे त्याच्याकडं बघायचं, हेही तालमीतच शिकता येतं, कारण ज्याला वाक्य नाही त्याला रंगमंचावर उभं राहणं सगळ्यात अवघड जातं.

कथेत रंगमंच नसतो, पण सांगणारा असतो. कोण सांगतोय, त्याला किती कळतंय, हे आधी बघायचं. प्रकाश नारायण संतांचा लंपन आपल्या मुलांना लगेच जवळचा वाटतो, कारण त्याच्या बोलण्यात आपल्या भागाची, कानडी वळणाची मराठी ऐकू येते. तो आईवडिलांपासून दूर, आजी-आजोबांकडं राहणारा मुलगा. पुस्तकाचं नाव 'वनवास'. तो कधी 'मी फार दुःखी आहे' म्हणत बसत नाही. तो झाडं सांगतो, आवाज सांगतो, वास सांगतो. त्याला जे नीट कळत नाही ते आपल्याला कळतं, आणि त्या फटीतून सगळं काही आत येतं. 'लंपन हा संवेदनशील मुलगा आहे' असं लिहिणाऱ्यानं तो कुठल्या गोष्टीबद्दल बोलायचं टाळतो ते सांगावं. मग मार्क मी देते.

आता लिहायचं कसं. परीक्षेत वेळ कमी, पान कमी. मागच्या वर्षी एका मुलीनं पहिल्या चाचणीत इंदिराकाकूबद्दल लिहिलं होतं: 'इंदिराकाकू ही प्रेमळ, मायाळू व कनवाळू आई आहे. तिला शारदेची खूप काळजी आहे. ती आदर्श माता आहे.' दोन मार्क. ती मार्कांसाठी भांडायला आली नाही, वहीच घेऊन आली. आम्ही पायरीवर बसून नाटक पुन्हा उघडलं. मी तिला एवढंच सांगितलं, की आधी तुला काय दिसलं ते एका वाक्यात म्हण, मग ते नाटकात कुठं दिसलं ते दाखव, आणि मग त्यावरून काय कळतं ते सांग. विशेषणं एक सोडून सगळी काढ.

दुसऱ्या वेळी तिनं लिहिलं: 'इंदिराकाकू लग्नाला विरोध करते, पण तिचा विरोध घराच्या बाहेर जात नाही. तिचं ऐकायचं की नाही हे कांचनभट ठरवतो. तिला मुलीचं दुःख दिसतं, कारण तीही एकेकाळी अशीच कुणीतरी दिलेली मुलगी होती. म्हणून ती दुबळी वाटली तरी तिच्यामुळं आपल्याला कळतं, की शारदा या लग्नात अडकली असती तर पुढं तिचं काय झालं असतं.'

शेवटचं वाक्य वाचून मी पेन खाली ठेवलं. आईकडं मुलीचं भविष्य म्हणून बघायचं, हे मी तिला शिकवलेलं नव्हतं. मात्र 'तीही एकेकाळी अशीच दिलेली मुलगी होती' याला नाटकात आधार कुठला, असं मी समासात लिहिलं. तो तिचा अंदाज होता. चांगला अंदाज, पण तो अंदाज आहे हे वाक्यात दिसायला हवं होतं. 'असावी' एवढा एक शब्द पुरला असता. पहिल्या वाक्याला अंक आणि प्रवेश लिहिलेला नव्हता. पाचपैकी चार दिले. दुसऱ्या दिवशी ती उरलेल्या एका मार्कासाठी पुस्तकात खुणेचे कागद घालून आली, आणि आम्ही इंदिराकाकूचा प्रत्येक प्रवेश पहिल्यापासून वाचायला घेतला.